गुळव्यांचं कुलूप आणि सदुसष्ट किल्ल्या

मंडळी, ऐका. कथेला हात घालण्याआधी एक प्रश्न तुमच्या पुढ्यात ठेवतो. उत्तराची घाई नाही. माणूस हसला, म्हणजे तो दुखावला नाही — असं धरून चालावं का?

मागं खांबाजवळ एकजण मान हलवतायत. होकाराची आहे की पेंगेची, ते इथून कळत नाही. असू दे.

आपण काय करतो? चारचौघांत एखाद्याची फिरकी घेतो. तो हसतो. आपण म्हणतो, बघा, हसला की, किती खिलाडू माणूस. मग आपण घरी जातो आणि पडल्या पडल्या घोरायला लागतो. तो घोरतो का? हे विचारायला कोण जातं? त्याच्या घरात काय चाललंय ते फक्त त्या विठोबाला दिसतं, आणि विठोबा कमरेवर हात ठेवून गप्प उभा. तो आपण होऊन सांगायला येत नाही. म्हणून आज मी सांगतो. एकदा मनापासून नाम घ्या — विठ्ठल, विठ्ठल! पेटीवाले नाना, सूर जरा खाली. उद्या माळवाडीतही कीर्तन आहे, गळा तिथंही न्यायचाय.

तर मंडळी, एक गुळवे कुटुंब होतं. चांगलं मोठं. लहानमोठी धरून त्रेचाळीस माणसं. दर तीन वर्षांनी चैत्रात हे सगळे कुलस्वामिनीच्या डोंगरावर, भक्तनिवासात जमायचे. सकाळी अभिषेक, दुपारी महाप्रसाद. आणि या दोन्हींच्या मधे एक प्रकार व्हायचा, जो पृथ्वीच्या पाठीवर दुसऱ्या कुठल्या घरात होत नसेल. त्याचं नाव हसरा आहेर.

हसरा आहेर म्हणजे काय? घराण्यातली सगळ्यांत मोठी गोदूआत्या. वय अठ्ठ्याऐंशी. ती तीन महिने आधी प्रत्येकाला पाकिटातून एक चिठ्ठी पाठवायची. चिठ्ठीत घरातल्याच कुणाचं तरी नाव. त्या माणसाला गमतीचा आहेर द्यायचा. अट पहिली, विकत आणायचं नाही, घरातलीच वस्तू द्यायची. अट दुसरी, ती त्या माणसाच्या स्वभावाला चपखल बसली पाहिजे. आणि तिसरी, घेणारा हसलाच पाहिजे. हसला की नाही ते ठरवणार आत्या. तिच्या हातात देवघरातली घंटा. दात दिसले की घंटा वाजणार. ज्यांचे दात गेलेत त्यांच्या हिरड्या ग्राह्य धरल्या जात.

आणि घेणारा नाही हसला तर? तर देणाऱ्यानं शेवटच्या पंगतीला बसायचं. आता हसू नका, शिक्षा मोठी आहे. शेवटच्या पंगतीपर्यंत बासुंदी संपलेली असते आणि वाढपी भाताचा आग्रह करत असतात.

काय काय आहेर दिलेत या लोकांनी! एक काका साबण अगदी कागदाएवढा पातळ होईपर्यंत सोडत नसत. त्यांना अकरा चिपा चिकटवून केलेला एक नवा साबण दिला. काका हसले, आणि तो त्यांनी पुढं दोन वर्षं वापरला. एक काकू प्रत्येक कार्यातून उरलेलं घरी न्यायची. तिला श्रीखंडाचे बावीस रिकामे डबे मिळाले, झाकणांसकट. काकूच्या डोळ्यांत आनंदाश्रू. एक पुतण्या डॉक्टर झाला, पण त्याची चिठ्ठी औषधवाल्यालाही वाचता येईना, म्हणून त्याला पाटी-पेन्सिल. आणि एक भाऊसाहेब कुठंही तासभर उशिरा पोहोचायचे. त्यांना गेल्या वर्षीचं कॅलेंडर दिलं. तो आहेर घ्यायलाही ते उशिराच आले.

आता आपल्या कथेचा माणूस. विश्राम गुळवे. एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक. काचेच्या खोलीत बसून माइकवर सांगायचं, अमुक गाडी तमुक फलाटावर लागलेली आहे. चौतीस वर्षं हेच केलं. निवृत्त झाला तरी घरात बोलायची तीच पद्धत. बायकोला हाक मारताना प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायचा. सुलभा, चहा ठेवावा. सुलभा, चहा ठेवावा.

या विश्रामला एक थोरली बहीण. शरयू. दोन तासांवर करंजवाडीला दिलेली. शरयूताईचं बोलणं म्हणजे — मंडळी, पावसाला तरी उघडीप असते. दर रविवारी सकाळी सात वाजता तिचा फोन. कुणाच्या म्हशीला रेडकू झालं, कुठल्या सुनेनं केस कापले, अळूवडी का सुटली, सगळं इत्थंभूत. विश्राम फोन टेबलावर ठेवायचा, पेपर उघडायचा आणि अधूनमधून म्हणायचा, "हं." पान उलटलं की हं. पाऊण तास. इतका सराव, की हं कधी चुकला नाही. शेवटी ताई म्हणायची, "बरं वाटलं बघ तुझ्याशी बोलून." हा बोलला काय होता? सव्वीस वेळा हं.

आता सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. हसऱ्या आहेराला विश्रामच्या चिठ्ठीत ताईचं नाव आलं. त्यानं फार विचार नाही केला. माळ्यावर चढला, अडगळीतून एक जुनं कुलूप काढलं. दाबलं की लागणारं, जाडजूड. फडक्यानं पुसलं, लाल रिबीन बांधली आणि भर मेळाव्यात, माइकवरच्या आवाजात म्हणाला, "शरयूताईंसाठी. तोंडाला लावावे. किल्ली आमच्याकडे राहील."

हास्याचा स्फोट, मंडळी. त्रेचाळीस माणसं. एक काका हसता हसता खुर्चीवरून खाली आले. आणि शरयूताई? तीही हसली. दात दिसले. घंटा वाजली. विश्राम पहिल्या पंगतीला बसून तीन वाट्या बासुंदी प्याला.

फक्त एक गोष्ट कुणी पाहिली नाही. हसताना ताईचे दोन्ही हात मांडीवर होते आणि त्या हातांत ते कुलूप घट्ट धरलेलं होतं.

पुढचा रविवार आला. सात वाजले. फोन नाही. त्याच्या पुढच्या रविवारी, त्याच्याही पुढच्या — फोन नाही. विश्रामनं केला, तर दाजी उचलायचे. "ती कामात आहे." सहा वर्षं कुठलं काम चालतं हो? धरण सुद्धा होतं तेवढ्यात. मधला मेळावा आला, ताई आली नाही. भाऊबीजेला विश्राम स्वतः गेला, तेव्हा तिनं ओवाळलं, लाडू पुढं ठेवला, पण बोलली सगळं दाजींशी. "लाडू घे म्हणावं. चहा हवाय का विचारा."

आणि इकडं घरात काय? रविवारी सकाळी विश्राम पेपर उघडायचा, पान उलटलं की आपोआप म्हणायचा, "हं."

सुलभावहिनी स्वयंपाकघरातून विचारायच्या, "कुणाला हं म्हणालात?"

तो पेपरात तोंड घालायचा. काय सांगणार? टेबलावर फोन गप्प.

मंडळी, चौतीस वर्षं ज्यानं दुसऱ्यांच्या गाड्या वेळेवर लावल्या, त्याची स्वतःची एकच गाडी होती. रविवारची सात वाजताची. ती त्यानं आपल्या हातानं बंद केली. नाम घ्या — विठ्ठल, विठ्ठल.

आता यंदाचं साल. आत्याचं पाकीट आलं. उघडलं, चिठ्ठीत नाव: शरयू. विश्राम घाबरला. आत्याला फोन लावला.

"आत्या, ताई येणार आहे?"

"येतेय. मी तिला म्हटलं, पुढच्या खेपेला मी असेन-नसेन." — हे ती गेली चोवीस वर्षं सांगते.

"पण आत्या, परत तिचीच चिठ्ठी मला कशी?"

"मी डोळे मिटून पाकिटात घालते रे," आत्या म्हणाली. "आता ज्याचं त्याचं नशीब."

विश्रामनं फोन ठेवला. यंदा ताईला हसवलं नाही तर शेवटची पंगत, त्याचं काही नाही. पण यंदा ती पुन्हा तशीच उठून गेली, तर पुढचा रविवार कधीच येणार नाही. आत्या दर खेपेला म्हणते ते कधीतरी खरं होईल, मग मेळावा तरी कोण भरवणार?

मग तो गमतीचा आहेर शोधायला लागला. शेजारी गणपुले मास्तर, त्यांना विचारलं. ते म्हणाले, "शिट्टी द्या. बोलायच्या ऐवजी वाजवतील." सलूनवाला म्हणाला, "कापसाचे बोळे द्या की. ताईंना नको, दाजींना." विश्रामच्या मुलाचा पुण्याहून फोन आला, "बाबा, आपला तो जुना रेडिओ, बंदच होत नाही तो. शरयूआत्याला द्या, जोडी जमेल." विश्राम प्रत्येक वेळी आधी हसला, मग कागदावर लिहिलं, मग खोडलं. अशा सतरा कल्पना खोडल्या.

सुलभावहिनी भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "एक विचारू का?"

"विचारावे."

"तुम्हाला वन्संना हसवायचंय, की वन्संना मनापासून हसू यायला हवंय?"

मंडळी, कीर्तनकार तासभर घसा फोडतो, आणि घरातली बाई मेथी निवडता निवडता सगळं पुराण एका ओळीत संपवते. पखवाजवाले हसतायत. घरी हेच होतं ना तुमच्याकडे?

विश्रामनं तो खोडाखोडीचा कागद चुरगाळला. मग उठला आणि म्हणाला, "त्या कुलपाची किल्ली कुठाय?"

आता खरं सांगा, कुणाच्या घरात कुठली किल्ली कुठल्या कुलपाची, हे कुणाला माहीत असतं? प्रत्येक घरात एक डबा असतो. त्यात किल्ल्या असतात. त्या कशाच्या, ते कुणालाही ठाऊक नसतं, आणि टाकायचा धीर कुणाला होत नाही, कारण न जाणो. विश्रामनं बिस्किटाचा पत्र्याचा डबा उपडा केला. सदुसष्ट किल्ल्या. कुलपाची कुठली? देवाला माहीत. विश्राम एकेक किल्ली उजेडात धरून बघत बसला, आणि संध्याकाळी सगळ्या परत डब्यात भरल्या. म्हणाला, "सगळ्याच न्याव्यात. सगळ्याच न्याव्यात."

मेळाव्याचा दिवस उजाडला. अभिषेक झाला. भक्तनिवासाच्या ओसरीवर सतरंज्या पडल्या. आत्या खुर्चीत, हातात घंटा. शरयूताई आलेली. कोपऱ्यात बसलेली, पदर खांद्यावरून, तोंड मिटलेलं. आत्यानं पुकारा केला, "विश्राम."

विश्राम डबा घेऊन उठला. चालताना डबा खळखळ खळखळ. ताईच्या पुढ्यात ठेवला, झाकण काढलं. आणि मंडळी, ज्यानं हजारो माणसांपुढं चौतीस वर्षं अडखळल्याशिवाय गाड्या पुकारल्या, त्याचा आवाज निघेना. कसाबसा म्हणाला, "ताई, त्या कुलपाची किल्ली मी दिली नव्हती. कुठली होती ते आठवत नाही. म्हणून... सगळ्या आणल्यात."

एकदाच म्हणाला. दुसऱ्यांदा नाही म्हणाला.

ताईनं डब्यात बघितलं. हसली नाही. दात नाहीत, काही नाही. आत्यानं घंटा मांडीवर ठेवली. "विश्राम, शेवटची पंगत. आता शरयू. तुझा आहेर कुणाला?"

ताईनं चिठ्ठी उलटी करून दाखवली. चिठ्ठीत नाव: विश्राम. आत्या लगेच देवळाच्या कळसाकडं बघायला लागली. डोळे मिटून पाकिटं भरते म्हणे!

ताईनं बाहेर बोट दाखवलं. बाहेर टेंपो उभा. त्यातून चार जणांनी एक पत्र्याची ट्रंक उतरवली आणि धाडकन विश्रामच्या पायाशी आणून टेकवली. ट्रंकेला कुलूप. तेच. रिबिनीचा रंग उडाला होता. कुलूप वरून गंजलेलं.

ताई दाजींना म्हणाली, "घेऊन जा म्हणावं. कुलूप त्याचं आहे."

मग दाजींनी खुलासा केला. दाजी म्हणजे अनंतराव, शांत माणूस. म्हणाले, "त्या दिवशी घरी गेली आणि ते कुलूप हिनं ट्रंकेला दाबून टाकलं. किल्ली नाही. आत आमचा चकलीचा सोऱ्या. सहा दिवाळ्या झाल्या विश्रामराव, घरात चकली नाही. मी करवत आणली होती. ही म्हणाली, ज्यानं दिलं तो उघडेल. कुणी हात लावायचा नाही. म्हणून आजपर्यंत कुणी हात लावला नाही."

"नवा सोऱ्या का नाही आणला?" मागून कुणीतरी विचारलं.

दाजी म्हणाले, "मला विचारायची हिंमत झाली नाही."

विश्राम ट्रंकेपुढं मांडी घालून बसला. डबा शेजारी. एक किल्ली काढली, घातली, फिरवली. नाही. दुसरी. नाही. तिसरी, चौथी, सातवी. ओसरीवरची माणसं मान लांब करून बघतायत. नवव्या किल्लीला ताई दाजींना म्हणाली, "ती नसेल म्हणावं. ती सायकलीची आहे."

चौदावीला म्हणाली, "ती बाबांच्या टेबलाच्या खणाची."

आणि एकोणिसावी किल्ली विश्रामनं उचलली, तेव्हा ताई पुढं सरकली आणि सरळ त्याच्याकडं बघून म्हणाली, "अरे, ही आपल्या शाळेच्या कपाटाची. तू चोरलेलीस. खडूंसाठी. मार मी खाल्ला."

सहा वर्षांत त्याच्याशी बोललेलं पहिलं वाक्य, मंडळी. तेही आरोपाचं. पण विश्रामला काय वाटलं असेल? गाडी फलाटाला लागली.

मग काय विचारता. प्रत्येक किल्लीला एक गोष्ट. ही मावशीच्या डब्याची, ज्यात खडीसाखर असायची. ही त्या घराची, जिथं पाऊस गळायचा आणि आई आपल्या अंथरुणावर परात ठेवायची. ही कुठली? ही आपली नव्हेच, ही शेजाऱ्यांची, अजून परत नाही केलीस? पानं मांडलेली तशीच राहिली. आत भात थंड झाला. कुणाला उठावंसं वाटेना. विश्राम किल्ली फिरवत होता आणि ऐकत होता. पेपर नव्हता. एकही हं नाही.

सदुसष्टावी किल्ली घातली. नाही लागली.

डबा रिकामा. कुलूप तसंच. विश्रामचा चेहरा उतरला. ताई बोलता बोलता थांबली. दाजी म्हणाले, "जाऊ दे. जेवून घेऊ." उठायला लागले. दाजींचे गुडघे दुखरे, धरायला जवळ काही नाही, म्हणून त्यांनी कुलूप धरलं आणि जोर दिला.

खाट्! दाजी उताणे. हातात कुलूप. कडी उघडी.

आणि मागून सुलभावहिनींचा आवाज, "अहो, हे आपल्या नळाच्या पेटीचं कुलूप. लागत नव्हतं म्हणून तर माळ्यावर टाकलं होतं!"

समजलं का मंडळी? कुलूप लागलंच नव्हतं. सहा वर्षं त्याला नुसत्या गंजानं धरलं होतं. आणि एकदा, फक्त एकदा, कुणी ओढून पाहिलं नाही.

शरयूताई हसली. आधी घशात, मग खांद्यात, मग सगळीच. आणि हसता हसता तिनं विश्रामच्या पाठीत असा धपाटा घातला, की तो ट्रंकेवर आपटला. "मेल्या विश्या, आहेरसुद्धा मोडका दिलास होय रे!" आत्यानं घंटा उचलली. कुलपाच्या खेपेला तिनं दात बघितले होते. या खेपेला हात बघितला. आणि घंटा अशी बडवली की पुजारी आतून धावत आला, आरती चुकली की काय म्हणून.

ट्रंक उघडली. सोऱ्या निघाला, दाजींनी तो छातीशी धरला. आणि खाली लोकरीचं काहीतरी निघालं. ताईनं ते पटकन झाकायला बघितलं. विश्रामनं ओढून काढलं. मफलर. निळा.

"हा कुणाचा?"

ताई बांगड्या मागं सारत म्हणाली, "तुझा. स्टँडवर पहाटे गार वारं लागतं म्हणायचास. त्या खेपेला जेवणं झाल्यावर देणार होते."

मफलरला सगळीकडं कसर लागलेली. लोकर कमी आणि भोकं जास्त. मासे धरायला चालला असता. विश्रामनं तो गळ्याभोवती गुंडाळला. चैत्राचं ऊन, दुपारचा एक वाजलेला, आणि हा माणूस, घंटा वाजली तरी आत्याचा हुकूम पाळत, मफलर लावून शेवटच्या पंगतीला बसला. शेजारी ताई. तिला पहिल्या पंगतीचं पान होतं, ती उठून इकडं आली. बासुंदी संपली होती. वाढपी भाताचा आग्रह करत होते. ताई बोलत होती, आणि विश्राम घास हातात धरून तिच्याकडं बघत होता. ती मधेच थांबली.

"ऐकतोयस ना रे?"

"मग पुढं काय झालं?" विश्राम म्हणाला.

मंडळी, आख्यान संपलं. आता तुम्ही. सुरुवातीला विचारलं होतं, माणूस हसला म्हणजे दुखावला नाही का? उत्तर तुम्हाला मिळालं. पण मला त्याहून दुसरंच सांगायचंय. इथं बसलेल्या प्रत्येकाच्या ट्रंकेला एक कुलूप आहे. कुणाचं भावाचं, कुणाचं जावेचं, कुणाचं एका शब्दाचं. आपण किल्ली शोधतोय. सुरुवात कुणी करायची, माफी कुणी मागायची, मध्यस्थ कोण घालायचा. आणि आत मफलरला कसर लागतेय. अहो, ते कुलूप लागलंय का, ते तरी एकदा बघा. उद्या रविवार आहे. सात वाजता फोन उचला आणि एकदा ओढून बघा. उघडलं तर चकल्या मला पाठवा. नाही उघडलं, तर किल्ल्यांचा डबा घेऊन जा आणि समोर जाऊन बसा.

खांबाजवळचे गृहस्थ, तुम्ही मघापासून खिशातल्या फोनवर हात ठेवून बसलात. पेंगत नव्हता तर. उद्यापर्यंत थांबू नका. बाहेर ओट्यावर गार वारं आहे, जा, लावून या. आम्ही तोवर गजर करतो, म्हणजे तुमचं बोलणं आम्हाला ऐकू येणार नाही.

नाना, द्या सूर. जोरात. विठ्ठल, विठ्ठल!